पैसे आले की यायचेत? : इंग्रजी क्रियापदाची शेपटी ओळखू या

आज जवळ एक वही आणि पेन घेऊन बसा. तव्यावर भाकरी असेल तर आधी ती उतरवा. आज आपण इंग्रजीचा एक धडा घेणार आहोत. "आता या वयात कसलं इंग्रजी," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. धडा लहान आहे आणि तो आपल्या पैशाशी जोडलेला आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईंनी शेळ्या घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला. गटात ठराव झाला, कागद गेले आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या मोबाईलवर इंग्रजीत संदेश आला. घरात आठवीत शिकणारा पुतण्या होता. त्याने वाचला आणि ओरडला, "काकी, अप्रूव्ड लिहिलंय! कर्ज मंजूर झालं!" ताईंना आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारात दोन शेळ्या ठरवल्या आणि दोन हजार रुपये विसार देऊन आल्या. एक आठवडा गेला, दुसरा गेला, खात्यात काही पैसे येईनात. शेळीवाल्याने वाट पाहिली आणि शेळ्या दुसऱ्याला दिल्या. विसार बुडाला. मग त्या मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, येवढंच सांगा, पैसं आलंत का यायचंत?"

आम्ही संदेश उघडला. त्यात होतं, 'युअर लोन विल बी अप्रूव्ड आफ्टर डॉक्युमेंट्स आर सबमिटेड.' म्हणजे कागदपत्रं जमा झाल्यावर तुमचं कर्ज मंजूर केलं जाईल. एक कागद द्यायचा राहिला होता. पोराने 'अप्रूव्ड' हा मोठा शब्द पाहिला, त्याच्या आधीचे 'विल बी' हे दोन बारके शब्द पाहिले नाहीत. पोराला काय बोलायचं? खरी चूक आमची होती. अर्जाचं उत्तर इंग्रजीतून येतं हे आम्हाला ठाऊक होतं, तरी गटाच्या बैठकीत आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

त्या दिवसापासून आम्ही आमच्या गटांच्या बैठकीत वसुली आणि हिशोब झाल्यावर दहा मिनिटं इंग्रजी क्रियापदांना द्यायला लागलो. तिथे जे शिकलो आणि शिकवलं, तेच आज सांगतो.

आमचीही भीती

आम्ही काही इंग्रजीचे पंडित नाही. आमची पिढी मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे आज एकाच घरात तीन तऱ्हा दिसतात. आजीने इंग्रजी पाहिलंच नाही, आईने पाचवीला धरलं आणि दहावीला सोडलं, आणि नातवंड पहिलीपासून वाचतंय. आम्ही बीए झालो, तरी शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ केला होता तो परीक्षेपुरता. तक्ता पाठ होता, पण बँकेचं पत्र वाचताना तो कामाला येतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

बायकांनी इंग्रजी शिकावं हे काही आजचं खूळ नाही. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला. त्यातही इंग्रजी शिका असं सांगणाऱ्या कविता आहेत. तेव्हा लाजायचं कारण नाही.

तुम्हाला इंग्रजी क्रियापदं येतात

आता जरा आठवा, आज दिवसभरात तुम्ही काय काय बोललात. "मोबाईल रिचार्ज केला." "खातं चेक केलं." "फॉर्मवर साइन केली." "पैसे ट्रान्सफर करते." "मसाला पॅक करायचाय." "तो नंबर ब्लॉक कर." "फोटो डिलीट झाला." यातली रिचार्ज, चेक, साइन, ट्रान्सफर, पॅक, ब्लॉक, डिलीट ही सगळी इंग्रजी क्रियापदं आहेत. आपण त्यांना मराठीत आणताना मागे आपलं 'करणे' जोडलं. मग काळ दाखवायचं काम 'करणे' करतं. चेक करते, चेक केलं, चेक करीन. 'चेक' जागचं हलत नाही.

इंग्रजीत हे 'करणे' नसतं. तिथे 'चेक' या शब्दालाच शेपटी लागते, नाहीतर त्याच्या आधी एक बारका शब्द येतो. आजचा सगळा धडा एवढाच आहे. काळ कळायला दोन ठिकाणी बघायचं: क्रियापदाच्या मागची शेपटी आणि क्रियापदाच्या पुढ्यातला बारका शब्द. पुतण्याने शेपटी पाहिली आणि पुढचं सोडलं, म्हणून विसार गेला.

चार रूपं, बस

ज्या क्रियापदांच्या शेपट्या ठरलेल्या असतात त्यांना नियमित क्रियापदं म्हणतात. एकाचं चालवता आलं की हजारो चालवता येतात. आपण 'वर्क' घेऊ, म्हणजे काम करणे. वहीत चार ओळी लिहा.

वर्क : मूळ रूप.
वर्क्स : मागे एस.
वर्क्ट : मागे ई-डी.
वर्किंग : मागे आय-एन-जी.

संपलं. आता आपली मराठी बघा. 'भरणे' हे एक क्रियापद घ्या. मी हप्ता भरला, मी रक्कम भरली, मी व्याज भरलं, मी पैसे भरले. काय भरलं त्याप्रमाणे शब्द बदलतो. भविष्यात मी भरीन, तू भरशील, ती भरेल, आम्ही भरू, तुम्ही भराल, त्या भरतील. 'जाणे' घेतलं तर बाई गेली, बुवा गेला, पोर गेलं, बाया गेल्या. एवढी रूपं आपण न चुकता बोलतो आणि त्यासाठी शाळेची पायरीही चढावी लागली नाही. जिला हे जमतं तिला चार शेपट्या अवघड नाहीत. इंग्रजी क्रियापदाला बाई की पुरुष हे कळतच नाही. 'ही वर्क्ट' म्हणजे त्याने काम केलं, 'शी वर्क्ट' म्हणजे तिने काम केलं. शब्द तोच.

रोजचं, झालेलं आणि होणारं

आता या चार रूपांनी काळ कसे होतात ते पालखीवरून बघू. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे जाताना आपल्या काटेवाडीत येते. परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. पोहोचणे याला इंग्रजीत 'रीच' म्हणतात.

दरवर्षी पालखी काटेवाडीत पोहोचते : 'द पालखी रीचेस काटेवाडी एव्हरी इयर.'
काल पालखी पोहोचली : 'द पालखी रीच्ट काटेवाडी यस्टर्डे.'
उद्या पालखी पोहोचेल : 'द पालखी विल रीच काटेवाडी टुमारो.'

पहिलं वाक्य साधा वर्तमानकाळ. नेहमी, रोज, दरवर्षी जे घडतं त्यासाठी. यात एकच अडचण आहे. मी, तू, आम्ही, ते यांच्यासाठी मूळ रूपच चालतं. 'आय वर्क, यू वर्क, वी वर्क, दे वर्क.' पण तो, ती, ते एकटं असलं की एस लागतो. 'ही वर्क्स, शी वर्क्स.' आपल्याकडे पुष्कळ वस्तू असल्या की शब्दाला एस लावतात, पेन आणि पेन्स. म्हणून बायका क्रियापदालाही पुष्कळ जण असले की एस लावायला जातात. इथे उलटं आहे. क्रियापदाला एस लागतो तो एकट्याला. 'शी वर्क्स' म्हणजे ती एकटी. 'दे वर्क' म्हणजे त्या सगळ्या.

दुसरं वाक्य साधा भूतकाळ. मागे ई-डी. मी, तू, ती, त्या, सगळ्यांना एकच. 'आय वर्क्ट, शी वर्क्ट, दे वर्क्ट.' इथे काही बदलत नाही.

तिसरं वाक्य साधा भविष्यकाळ. इथे शेपटी नाहीच. मूळ क्रियापदाच्या आधी 'विल' येतो. 'आय विल वर्क, शी विल वर्क, दे विल वर्क.' 'विल' दिसला की समजायचं, अजून व्हायचं आहे. हा शब्द लाल पेनाने लिहून ठेवा.

ई-डी लिहायची कशी, म्हणायची कशी

वाचताना शेपटी ओळखायची तर ती कशी लिहितात हे माहीत हवं. चार गोष्टी आहेत.

बहुतेक शब्दांना नुसती ई-डी जोडतात. चेक, पॅक, ओपन, डिपॉझिट यांना तशीच.

शब्दाच्या शेवटी आधीच ई असेल तर फक्त डी जोडतात. अप्रूव्ह, क्लोज, चेंज, डिलीट यांच्या शेवटी ई आहे.

शेवटी वाय असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वायचा आय होतो आणि मग ई-डी. 'अप्लाय' म्हणजे अर्ज करणे, त्याचं 'अप्लाइड'. 'ड्राय' म्हणजे सुकवणे, त्याचं 'ड्राइड'. पण वायच्या आधी ए, ई, ओ, यू यांपैकी स्वर असेल तर वाय तसाच राहतो. 'प्ले'चं 'प्लेड' होतं, त्यात वाय जागेवर असतो.

'स्टॉप', 'प्लॅन' असे तोकडे शब्द असतील, ज्यांच्या शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन आहे, तर शेवटचं अक्षर दोनदा लिहितात. 'स्टॉप्ट' लिहिताना दोन पी येतात.

आता म्हणायचं कसं? ई-डी लिहिलेली एकच, पण तिचे उच्चार तीन होतात. गळ्यावर हात ठेवा आणि म्हणा 'म्म्म'. हाताला थरथर लागते. आता म्हणा 'स्स्स'. थरथर नाही. क्रियापदाचा शेवटचा आवाज थरथर नसलेला असेल, जसा क, प, स, श, च, फ, तर ई-डीचा उच्चार 'ट' होतो. वर्क्ट, पॅक्ट, वॉश्ट, रीच्ट. थरथर असेल तर 'ड' होतो. ओपन्ड, साइन्ड, अप्रूव्ड. आणि शब्दाच्या शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर 'इड' म्हणावं लागतं, नाहीतर ऐकूच येणार नाही. डिपॉझिटेड, रिजेक्टेड, प्रिंटेड, अ‍ॅडेड. आमच्या गटातल्या बायका गळ्याला हात लावून हे म्हणत बसतात तेव्हा आधी हसू येतं, पण दोन बैठकांत सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

बारक्या शब्दांकडे बघा

आय-एन-जी म्हणजे काम चालू आहे. ती एकटी कधी चालत नाही. तिच्या आधी 'अ‍ॅम', 'इज', 'आर' यांपैकी एक असतो. 'आय अ‍ॅम वर्किंग', मी काम करत आहे. 'शी इज वर्किंग', ती करत आहे. 'दे आर वर्किंग', त्या करत आहेत. हेच काल चालू होतं असं म्हणायचं तर 'वॉज' किंवा 'वर'. 'शी वॉज वर्किंग', ती काम करत होती. उद्या या वेळी चालू असेल तर 'विल बी वर्किंग'. म्हणजे 'वर्किंग' तिन्हीकडे तेच. काळ सांगतो तो पुढचा शब्द.

दुसरी जोडी 'हॅव' आणि 'हॅज'ची. आपण म्हणतो, "मी हप्ता भरला" आणि "मी हप्ता भरला आहे". दोन्हींत फरक आहे ना? पहिल्यात झालेली गोष्ट सांगितली. दुसऱ्यात काम पुरं झालं आणि आता माझ्याकडे काही मागू नका, हेही आलं. इंग्रजीत त्या 'आहे'च्या जागी 'हॅव' किंवा 'हॅज' येतो. 'आय हॅव डिपॉझिटेड द मनी.' मी पैसे भरले आहेत. ती एकटी असेल तर 'शी हॅज डिपॉझिटेड.' आणि 'भरले होते' म्हणायचं तर सगळ्यांना 'हॅड'. 'शी हॅड डिपॉझिटेड.' उद्यापर्यंत भरलेले असतील तर 'विल हॅव डिपॉझिटेड'.

शाळेतल्या बारा काळांपैकी तीन साधे झाले, तीन चालू झाले, तीन पूर्ण झाले. उरलेले तीन चालू-पूर्ण. त्यांची रोज गरज पडत नाही. एक वाक्य लक्षात ठेवा, "मी दहा वर्षं गटात काम करत आले आहे." 'आय हॅव बीन वर्किंग.' तेवढं पुरे.

नाही म्हणताना शेपटी काढा

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. भूतकाळात नाही म्हणायचं असेल तर 'डिड नॉट' येतं. मग बायकाच काय, कॉलेजात शिकलेली पोरंही म्हणतात, 'आय डिड नॉट डिपॉझिटेड.' हे चूक. 'आय डिड नॉट डिपॉझिट' हे बरोबर. का? 'डिड' हा शब्दच भूतकाळाचा आहे. एकीने हंडा उचलला, मग दुसरीने तोच हंडा कशाला उचलायचा? भूतकाळाचा भार 'डिड'ने घेतला, म्हणून क्रियापद मोकळं झालं.

'डझ'चंही तसंच. 'शी वर्क्स', पण 'शी डझ नॉट वर्क'. एस 'डझ'मध्ये गेला. प्रश्न विचारतानाही हेच. 'डिड यू डिपॉझिट?' तुम्ही भरले का? 'डझ शी वर्क?' ती काम करते का? आणि 'विल'ला तर काहीच करायचं नाही. 'आय विल नॉट डिपॉझिट.' 'विल यू डिपॉझिट?'

भरला आणि भरलेला

आता आपण त्या शेळीच्या कर्जाकडे परत येऊ. इथे जरा लक्ष द्या, कारण आजच्या धड्याचं मोल इथे आहे.

ई-डी नेहमी भूतकाळच दाखवते असं नाही. तिची दोन कामं आहेत. मराठीत 'भाजले' आणि 'भाजलेले' हे दोन वेगळे शब्द आहेत. "मी शेंगदाणे भाजले" ही घडलेली गोष्ट आणि "भाजलेले शेंगदाणे" म्हणजे कसे शेंगदाणे ते सांगितलं. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच रूप, 'रोस्टेड'. आपल्या गटांच्या पाकिटांवर बघा. 'रोस्टेड' म्हणजे भाजलेलं, 'ड्राइड' म्हणजे सुकवलेलं, 'सॉल्टेड' म्हणजे मीठ लावलेलं, 'पॅक्ट ऑन' म्हणजे अमुक तारखेला पॅक केलेलं.

हे '-लेलं' रूप 'बी', 'इज', 'वॉज' अशा शब्दांच्या मागे येतं तेव्हा काम कुणी केलं ते सांगत नाही, फक्त काय केलं गेलं ते सांगतं. बँक आणि सरकारी कचेऱ्या याच पद्धतीने लिहितात. अशा वेळी ई-डी काळ सांगत नाही. काळ पुढचा बारका शब्द सांगतो. वहीत या ओळी लिहा. 'अप्रूव्ड' सगळीकडे तेच आहे, बदलतोय तो पुढचा भाग.

'इज अप्रूव्ड' : मंजूर आहे.
'वॉज अप्रूव्ड' : मंजूर झालं होतं.
'हॅज बीन अप्रूव्ड' : मंजूर झालं आहे.
'इज बीइंग अप्रूव्ड' : मंजुरीचं काम चालू आहे.
'विल बी अप्रूव्ड' : मंजूर होईल, अजून झालेलं नाही.
'हॅज नॉट बीन अप्रूव्ड' : मंजूर झालेलं नाही.

शेवटच्या ओळीत एक 'नॉट' आहे. तीन अक्षरांचा शब्द, पण सगळं उलटं करतो. 'अप्रूव्ड' वाचून उडी मारण्याआधी 'विल' आणि 'नॉट' हे दोन शब्द शोधायचे.

आता हेच पैशाच्या संदेशात लावा. 'क्रेडिटेड' म्हणजे खात्यात जमा, 'डेबिटेड' म्हणजे खात्यातून वजा. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये आले की 'क्रेडिटेड' शब्द येतो. पुढे 'विल बी' नसेल तर पैसे आलेत. पुष्कळ संदेशांत बँका बारके शब्द गाळतात आणि नुसतं 'क्रेडिटेड' किंवा 'डेबिटेड' लिहितात. तेही झालेलं असंच समजायचं.

विम्याचं उदाहरण घ्या. आपल्यापैकी अनेकींनी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घेतला आहे, त्याचे वर्षाला ४३६ रुपये. सुरक्षा विम्याचे वर्षाला २० रुपये. हे वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. मे महिन्यात 'विल बी डेबिटेड' असा संदेश आला तर त्याचा अर्थ पैसे जायचे आहेत. म्हणजे खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. शिल्लक नसेल तर हप्ता जाणार नाही आणि विमा बंद पडेल. नंतर 'डेबिटेड' असा संदेश आला की हप्ता गेला, काळजी मिटली. 'विल बी डेबिटेड' वाचून "पैसे कापले, चला" म्हणून जी बाई खातं रिकामं करेल, तिच्या घरच्यांना अडचणीच्या वेळी दोन लाखांना मुकावं लागेल. एका 'विल'ची किंमत एवढी आहे.

चोरांचा आवडता काळ

फसवणूक करणारेही क्रियापदं वापरतात आणि त्यांचा आवडता काळ भविष्यकाळ. 'युअर अकाउंट विल बी ब्लॉक्ट टुडे.' तुमचं खातं आज बंद केलं जाईल. 'युअर इलेक्ट्रिसिटी विल बी डिसकनेक्टेड टुनाइट.' तुमची वीज आज रात्री तोडली जाईल. वीज तोडलीच असं लिहिलं तर आपण बटण दाबून बघू आणि खोटं उघडं पडेल. म्हणून 'होईल' असं लिहून घाबरवतात आणि खाली नंबर किंवा लिंक देतात. असा संदेश आला की क्रियापद ओळखा, 'विल' आहे म्हणजे अजून काही झालेलं नाही, आपल्याकडे वेळ आहे. त्या नंबरवर फोन करू नका, लिंक दाबू नका. पासबुक घेऊन शाखेत जा किंवा वीज कार्यालयात विचारा. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार करा.

न ऐकणारी क्रियापदं

एक इशारा देऊन ठेवतो. सगळी क्रियापदं ई-डी घेत नाहीत. 'पे' म्हणजे पैसे देणे, त्याचं 'पेड' लिहिताना पी-ए-आय-डी. 'सेंड'चं 'सेंट', 'गो'चं 'वेंट', 'टेक'चं 'टुक', 'गिव्ह'चं 'गेव्ह'. यांना अनियमित क्रियापदं म्हणतात. रोजच्या वापरातली अशी दीड-दोनशे आहेत आणि ती हळूहळू पाठच करावी लागतात. आपल्याकडे 'करणे'चं 'करला' होत नाही, 'केला' होतं, 'जाणे'चं 'जाला' न होता 'गेला' होतं. तसंच ते. लहान पोरं आधी "मी करलं" म्हणतात आणि मग सुधारतात. आपणही चुकत सुधारू. पण इंग्रजीत नवीन येणारं क्रियापद बहुतेक ई-डीच घेतं. मोबाईल आला, मग 'रिचार्ज्ड', 'डाउनलोडेड', 'फॉरवर्डेड' सगळे शहाण्यासारखे रांगेत आले. म्हणून नियमित क्रियापदांपासून सुरुवात करायची.

गटात काय कराल

प्रत्येक बैठकीला एक क्रियापद घ्या. बायका गोल बसतात, तशाच बसू द्या. पहिली मूळ रूप म्हणेल, दुसरी एस, तिसरी ई-डी, चौथी आय-एन-जी, पाचवी 'विल' लावून. सहावी नाही म्हणेल, सातवी प्रश्न विचारेल. पुढच्या बैठकीला पहिली बाई बदला. पाच-सहा महिन्यांत बारा-पंधरा क्रियापदं सगळ्यांच्या तोंडी बसतात. सुरुवातीला ही घ्या: चेक, साइन, ओपन, क्लोज, अप्लाय, अप्रूव्ह, रिजेक्ट, सबमिट, डिपॉझिट, क्रेडिट, डेबिट, ट्रान्सफर, ब्लॉक, पॅक. ज्या ताईंना इंग्रजी अक्षरं येत नाहीत त्यांनी निदान तीन शब्दांचे आकार ओळखायला शिकावं: 'विल', 'नॉट' आणि 'हॅज'. मोबाईलवर संदेश आला की तो पुसू नका. बैठकीला घेऊन या, मिळून वाचू. खात्यातली शिल्लक किंवा ओटीपी मात्र दाखवू नका.

आता घरचा अभ्यास. पाच वाक्यं सांगतो. पैसे आले की यायचेत, काम झालं की व्हायचंय, ते वहीत लिहा.

एक, 'युअर अ‍ॅप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड.'
दोन, 'युअर फॉर्म इज बीइंग चेक्ट.'
तीन, 'द अमाउंट विल बी ट्रान्सफर्ड ऑन मंडे.'
चार, 'यू हॅव नॉट सबमिटेड द फॉर्म.'
पाच, 'शी डिड नॉट साइन.'

थांबा, मनात उत्तर द्या. झालं? पहिल्यात अर्ज नाकारला आहे, कारण विचारायला जावं लागेल. दुसऱ्यात फॉर्मची तपासणी चालू आहे, वाट बघा. तिसऱ्यात रक्कम सोमवारी येणार, आज खर्च करू नका. चौथ्यात तुम्ही फॉर्म दिलेला नाही, लगेच द्या. पाचव्यात तिने सही केली नाही, आणि 'डिड' आहे म्हणून 'साइन'ला शेपटी नाही. जिची पाचही बरोबर आली तिने पुढच्या बैठकीत दुसरीला शिकवायचं.

त्या शेळीवाल्या ताईंचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी राहिलेला कागद नेऊन दिला. महिन्याभराने पुन्हा संदेश आला. या वेळी त्यांनी पुतण्याला आवाज दिला नाही. चष्मा लावला, बोट ठेवून एकेक शब्द बघितला आणि बैठकीत येऊन म्हणाल्या, "ताई, विल न्हाई, नॉट न्हाई. हॅज बीन हाय." आम्ही बघितलं. खरंच 'हॅज बीन अप्रूव्ड' होतं. तरीही खात्यात रक्कम दिसेपर्यंत त्या थांबल्या आणि मगच बाजारात गेल्या. आज त्यांच्या दावणीला चार शेळ्या आहेत.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी आपण 'पे', 'सेंड', 'गेट' अशा न ऐकणाऱ्या क्रियापदांकडे वळू. तोवर आलेला प्रत्येक संदेश दोनदा वाचा. नमस्कार.